बाटलीतलं पाणी हलतंय का?

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखक ३५ वर्षांचे लष्करी डॉक्टर आहेत, हुद्दा मेजर. जनरल सर्जरी लष्करातच शिकले, त्यानंतरची बरीचशी वर्षं फील्डमध्ये गेली. दोन वर्षांपूर्वी एका रात्री त्यांच्याकडे उजव्या छातीत स्फोटाचा तुकडा घुसलेला जवान आणला गेला. त्यांनी छातीत नळी घातली. ७०० मिली रक्त आलं, मग ओघ मंदावला, ताशी ६०-७० वर आला. हवामान बिघडल्यामुळे हेलिकॉप्टर चार तास आलं नाही, आणि आल्यावर जवान वाटेतच गेला. "मला छाती उघडता आली असती तर तो वाचला असता," असं ते लिहितात, आणि म्हणून त्यांना आता छातीचं सर्जन व्हायचं आहे. म्हणजे पुन्हा तीन वर्षं शिकाऊ, आपल्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान मुलांच्या रांगेत. सेवेत राहून जागा घेतली तर बाँड (सक्तीनं सेवेत राहायचा करार) वाढतो, राजीनामा दिला तर पेन्शनवर पाणी सोडावं लागतं. बढती तोंडावर आहे. पत्नीची "हरकत नाही". त्यांचे प्रश्न दोन: उशीर झालाय का? आणि लष्करातली वर्षं वाया गेली का?

डॉक्टर,

तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत, म्हणून ती आधी देऊन टाकते. उशीर झालेला नाही, आणि वर्षं वाया गेलेली नाहीत. पण पत्र वाचताना मी अडकले ती तुमच्या दुसऱ्याच वाक्यापाशी, ज्याच्यापुढे तुम्ही प्रश्नचिन्हच दिलेलं नाही. "मला छाती उघडता आली असती तर तो वाचला असता." हे तुम्ही ठरवून टाकलंय, आणि पुढचा सगळा हिशेब, बाँड, पेन्शन, बढती, त्या वाक्यावर उभा केलाय. मीही नऊ वर्षं गणवेशात काढली आणि त्यानंतरचं सगळं आयुष्य छातीच्या शस्त्रक्रियांत घालवलं. त्यामुळे या वाक्याला हात घालायचा थोडा हक्क मला आहे असं समजते.

छाती कधी उघडायची हे तुम्हाला पाठ आहे, इतर वाचकांसाठी लिहिते. नळी घातल्याबरोबर दीड लिटरच्या आसपास रक्त आलं, किंवा त्यानंतर दोन ते चार तास ताशी २०० मिलीपेक्षा जास्त येत राहिलं, तर उघडायची. रुग्ण डोळ्यांदेखत ढासळत असेल तर आकड्यांची वाट पाहायची नाही. बाकी छातीला इजा झालेल्या दहापैकी आठ-नऊ जणांना नळी, प्राणवायू, रक्त आणि वेदना नीट शमवणं एवढंच पुरतं. कारण साधं आहे. फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांमधला दाब उर्वरित शरीरातल्या दाबाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकाच असतो. नळीतून रक्त आणि हवा निघून गेली की फुफ्फुस फुगतं, छातीच्या भिंतीला टेकतं, आणि बहुतेक वेळा रक्तस्राव आपोआप थांबतो.

तुमचे आकडे ७०० आणि ६०-७०. रक्तदाब, तुम्हीच लिहिलंय, तीन तास टिकून होता. त्या आकड्यांवर मीसुद्धा उघडली नसती, आणि मला तर उघडता येत होती. जवळ रक्ताच्या चार पिशव्या, भूल द्यायला एक माणूस, बाहेर वादळ. अशा तंबूत उघडलेली छाती बंद करायची वेळ येईपर्यंत काय काय घडतं हे मी पाहिलंय.

मग तो का गेला? मला माहीत नाही, आणि माझा मुद्दा हाच आहे की तुम्हालाही माहीत नाही. शक्यता निदान तीन आहेत. एक, नळीत गुठळी अडकली असेल. तेव्हा नळीचं दुसरं टोक ज्या पाण्याच्या बाटलीत बुडवलेलं असतं ती शांत होते आणि आपण समजतो रक्त थांबलं. म्हणूनच चांगल्या वॉर्डात राउंडला "किती आलं?" याच्या आधी "पाणी हलतंय का?" असं विचारतात. रुग्णानं श्वास घेतला की बाटलीतल्या नळीमधलं पाणी वर चढायला हवं, सोडला की उतरायला हवं. फुफ्फुस पूर्ण फुगलेलं नसताना ते हलेनासं झालं, तर नळी मेली असं धरायचं. दोन, श्वास सोडताना श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला पडदा) स्तनाग्रांच्या पातळीपर्यंत वर येतं, त्यामुळे छातीत खालून शिरलेला तुकडा सरळ यकृतात गेलेला असू शकतो, आणि रक्त बाटलीत न येता पोटात साठतं. तीन, उंचीवर गेल्यावर छातीत कोंडलेली हवा प्रसरण पावते. नळी बंद पडलेली असेल तर हेलिकॉप्टरमध्ये तीच हवा हृदयाला दाबते.

या तिन्हींपैकी एकावरही छातीचा सर्जन हा इलाज नाही. पहिल्या आणि तिसऱ्याला नळी मोकळी करणं किंवा दुसरी घालणं, आणि दुसऱ्याला पोट उघडणं, जे तुम्हाला येतं. हे शेवटचं वाक्य लिहू की नको असं मला बराच वेळ वाटत राहिलं. पण तुम्ही दोन वर्षं एका चुकीसाठी स्वतःला शिक्षा करताय, ती चूक बहुधा तुमच्याकडून झालेलीच नाही. दुसरी एखादी झाली असेल, किंवा कुठलीच नसेल. त्याचं शवविच्छेदन झालं असणार. अहवाल मागवलात का? पत्रात त्याचा उल्लेख नाही, आणि मला शंका आहे की तुम्ही मुद्दाम मागवलेला नाही. मागवा. युनिटमार्फत रीतसर अर्ज करून, मृत्यूचा आढावा घ्यायचा आहे असं कारण देऊन. अहवालात काहीही निघालं तरी ते तुम्ही आज जे गृहीत धरून चाललाय त्यापेक्षा खरं असेल.

आता दुसरी गोष्ट. त्या रात्रीचं उत्तर म्हणून तुम्ही जे काम निवडताय, त्या कामात तशा रात्री फारशा नसतात. छातीच्या सर्जनचा दिवस कसा असतो सांगते. सकाळी बाहेर काढलेल्या लोबच्या (फुफ्फुसाच्या एका खंडाच्या) पॅथॉलॉजीवर चर्चा. एका कर्करोगाच्या रुग्णाला सांगायचं की शस्त्रक्रिया होणार नाही, कारण गाठ मधल्या लसीकाग्रंथींत पोचली आहे. क्षयानं आक्रसलेलं फुफ्फुस. महिनाभर साचलेल्या पूमुळे फुफ्फुसावर नारळाच्या करवंटीसारखं कवच चढलंय, ते चार-चार तास बोटानं आणि पीनटनं सोलत बसायचं. (पीनट म्हणजे चिमट्याच्या टोकाला धरलेला कापसाचा बारका बोळा, खायचा नव्हे.) आणि वॉर्डात तो एक रुग्ण, ज्याच्या फुफ्फुसातून हवा गळत राहते आणि बाटलीतले बुडबुडे सातव्या दिवशीही थांबत नाहीत, जो रोज विचारतो "आज नळी काढणार?" आणि ज्याला रोज नाही म्हणायचं. गोळी लागलेली छाती वर्षाकाठी किती? शांततेच्या काळात, शहरातल्या मोठ्या रुग्णालयातसुद्धा, एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. आमच्या विभागाचा धंदा गोळीवर कधी चालला नाही, विडी-सिगारेटीवर चालला.

या विषयात एका माणसाची गोष्ट तुम्हाला माहीत असावी असं वाटतं. इव्हार्ट्‌स ग्रॅहम हा अमेरिकन सर्जन पहिल्या महायुद्धात लष्कराच्या वैद्यकीय दलात होता. १९१८ मध्ये तो नेमका तुमच्या वयाचा, ३५ वर्षांचा होता. लष्करी छावण्यांत तेव्हा न्यूमोनिया आणि त्यामागून छातीत पू होण्याची साथ आली होती, आणि तरुण सैनिक पटापट मरत होते. पू दिसला की फासळी काढून छाती मोकळी करायची अशी तेव्हाची रीत. मृत्यूचं प्रमाण सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास, काही छावण्यांत त्याहून कितीतरी जास्त. ग्रॅहम आणि त्याचा सहकारी रिचर्ड बेल यांनी दाखवून दिलं की माणसं नुसत्या पूमुळे मरत नव्हती, घाईनं उघडलेल्या छातीमुळे मरत होती. आजाराच्या सुरुवातीला फुफ्फुस आणि छातीची भिंत एकमेकांना चिकटलेली नसतात. भोक पाडलं की बाहेरची हवा आत शिरते, आणि न्यूमोनियानं आधीच दमलेल्या माणसाचा उरलासुरला श्वास जातो. आधी सुईनं किंवा हवाबंद नळीनं पू काढा, पोटभर खायला घाला, पू दाट होईपर्यंत थांबा, मगच उघडा. एवढ्या बदलानं त्यांच्या छावणीत मृत्यूचं प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली आलं. आज आपण जी बंद नळी आणि पाण्याची बाटली डोळे झाकून वापरतो, तिच्यावरचा वैद्यकविश्वाचा भरवसा याच कामातून पक्का झाला. त्या रात्री तुम्ही जवानाच्या उशाशी ठेवलेली बाटली म्हणजे त्याच कामाचा वारसा आहे.

हाच ग्रॅहम पुढे १९३३ मध्ये कर्करोगाचं अख्खं फुफ्फुस एकाच शस्त्रक्रियेत यशस्वीपणे काढणारा पहिला सर्जन ठरला. तेव्हा तो पन्नाशीत होता. रुग्ण स्वतः डॉक्टर, आणि तो नंतर तीस वर्षं जगला. १९५० मध्ये ग्रॅहमनं अर्न्स्ट विंडर या विद्यार्थ्याबरोबर सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारा शोधनिबंध लिहिला. सुरुवातीला त्याचा या संबंधावर विश्वास नव्हता, स्वतः भरपूर ओढायचा. १९५७ मध्ये तो फुफ्फुसाच्या कर्करोगानंच गेला. रुग्ण मागे राहिला, सर्जन आधी गेला.

"वर्षं वाया गेली का" याचं उत्तर या गोष्टीत अर्धं आहे. गणवेशातला डॉक्टर एक गोष्ट इतरांपेक्षा लवकर शिकतो: कोणाला आत्ता हात लावायचा, कोणाला तासाभरानं, आणि कोणाला लावायचाच नाही. ही निवड छातीच्या कामात रोज लागते. ती तुमच्याकडे आहे आणि ती रांगेतल्या त्या लहान मुलांकडे नाही.

उरलेलं अर्धं उत्तर कडू आहे. तुमच्या हाताला वेगाची सवय लागली असेल, ती मोडावी लागेल. फील्डमध्ये आपण चिमटा लावतो, बांधतो, भरतो, पुढे जातो. तिथं तेच बरोबर. पण फुफ्फुसाच्या मुळाशी असलेली धमनी पोटातल्या धमन्यांसारखी चिवट नसते, ओल्या टिपकागदासारखी असते. गणवेश उतरवून मी पुन्हा शिकाऊ झाले त्या पहिल्या वर्षातली गोष्ट. लोबेक्टॉमी, म्हणजे फुफ्फुसाचा एक खंड काढायची शस्त्रक्रिया, चालली होती. धमनीच्या एका बारीक फांदीला माझ्या हातून चीर गेली, अगदी तांदळाच्या कणीएवढी. जुन्या सवयीनं मी क्षणात चिमटा मारला. कणीचा हरभरा झाला. माझे वरिष्ठ ओरडले नाहीत. त्यांनी माझा हात बाजूला केला, स्पंजचा बोळा त्या जागी दाबला आणि म्हणाले, "घड्याळ बघा." पाच मिनिटं ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) कोणी बोललं नाही. मग बोळा उचलला तेव्हा रक्त फक्त झिरपत होतं, आणि त्यांनी दोन टाके घातले. त्यानंतर कित्येक महिने मी घरी भाजी चिरतानाही मुद्दाम हळू चिरायचे. नवरा हसायचा.

दुसऱ्या महायुद्धातल्या ड्वाइट हार्केन या अमेरिकन सर्जनचं नाव तुम्ही पत्रात घेतलंय, सैनिकांच्या हृदयातून आणि हृदयाजवळून १३४ तुकडे काढले, एकही दगावला नाही, म्हणून. खरं आहे. पण ते काम आघाडीवरच्या तंबूत झालेलं नाही. इंग्लंडमधल्या स्थिरस्थावर रुग्णालयात, पहिल्या इजेतून सावरलेल्या सैनिकांवर, आधी प्राण्यांवर पुन्हा पुन्हा सराव करून आणि पद्धत सुधारत नेऊन झालं. तो तेव्हा चौतिशीत होता, म्हणजे वयाच्या बाबतीत तुम्हाला धीर देणारं उदाहरण आहेच.

आता निवडीचं बोलू. तुम्ही दोनच रस्ते मांडलेत: सेवेत राहून तीन वर्षं, की राजीनामा देऊन तीन वर्षं. तिसरा तुम्हाला दिसलेला नाही. तुम्हाला हवं असलेलं त्या रात्रीपुरतं कौशल्य असेल, म्हणजे घाईची छाती उघडणं, हृदयाची जखम बोटानं दाबून शिवणं, फुफ्फुसाचा रक्त येणारा तुकडा स्टेपलरनं बाजूला करणं, तर ते काही महिन्यांत शिकता येतं. जिथं चाकूच्या आणि गोळीच्या जखमा नेहमी येतात अशा ट्रॉमा केंद्रात जा, सोबत पोटाची आणि छातीची सोनोग्राफी पक्की करा, आणि परत आपल्या युनिटला या. त्या युनिटला छातीच्या कर्करोगाच्या तज्ज्ञाचा उपयोग नाही. तुमच्यासारख्या जनरल सर्जनचा आहे. हा मार्ग कमी प्रतिष्ठेचा वाटेल. मला तो तुमच्या पत्रातल्या दुःखाशी सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

पण कदाचित तुम्हाला खरंच हे काम आवडेल. ते शोधायचा एकच उपाय आहे. वार्षिक रजेतले दोन आठवडे काढा आणि एखाद्या छातीच्या विभागात जाऊन राहा. ओटीत कमी, वॉर्डात जास्त. ओटी सगळ्यांनाच आवडते. पाचव्या दिवशी संध्याकाळी त्या बुडबुडेवाल्या रुग्णाच्या खाटेशी उभं राहून कंटाळा येतो की कुतूहल वाटतं, तेवढं बघा. कुतूहल वाटलं तर पुढे जा, आणि मग मागे फिरू नका.

पुढे जायचं ठरलं तर जागा घेण्याआधी काही गोष्टी विचारून घ्या. याच अडचणीत असलेल्या इतर डॉक्टरांनीही हे विचारावं, कारण विचारायची लाज वाटते म्हणून माणसं फसतात. पुष्कळ ठिकाणी हृदय आणि छाती एकाच विभागात असतात आणि शिकाऊ डॉक्टरचा बहुतेक वेळ बायपासमध्ये पायाची शीर काढण्यात जातो. म्हणून विभागप्रमुखांना विचारू नका, शेवटच्या वर्षाच्या मुलाला कँटीनमध्ये गाठून विचारा: फुफ्फुसाच्या शस्त्रक्रिया वर्षाला किती, आणि त्यातल्या तू स्वतः किती केल्यास? दुर्बिणीतून किती? दुर्बिणीचं काम शिकवत नसतील तर ती जागा घेऊ नका.

सेवेतली जागा असेल तर बाँड किती वर्षांनी वाढतो यापेक्षा त्या वर्षांत पोस्टिंग कुठं मिळतं हे महत्त्वाचं. छातीचं काम अगदी थोड्या मोठ्या रुग्णालयांत चालतं. शिकून बाहेर पडल्यावर दोन-तीन वर्षं भलतीकडे गेली तर हात गंजतो, आणि या कामात गंजलेला हात धोक्याचा असतो. हुद्दा वाढला की सर्जनला खुर्चीत बसवतात हेही तुम्ही पाहिलंच असेल. बढती तोंडावर आहे म्हणता, तर ती तुम्हाला ओटीच्या जवळ नेणार की लांब, हे एकदा कागदावर मांडा. राजीनाम्याचं म्हणाल तर पेन्शनला पात्र व्हायला किती अवधी उरलाय ते तुम्ही लिहिलेलं नाही. दोन-तीन वर्षं असतील तर थांबा. दहा असतील तर थांबण्यात अर्थ नाही. पैशाबद्दल मला याहून जास्त अक्कल नाही.

लहान मुलांच्या रांगेचा बाऊ करू नका. पहिले सहा महिने त्रास होईल. पंचविशीतला कोणी तरी तुम्हाला नळीची बाटली कशी बदलायची ते शिकवेल, आणि तुम्ही ती वादळात टॉर्चच्या उजेडात बदललेली असेल. ऐकून घ्या. एखाद्या वेळी त्याचं बरोबरही असतं.

तुमच्या पत्रात त्या रात्रीवर दोन पानं आहेत, बाँडवर एक, बढतीवर अर्धं, आणि पत्नीवर तीन शब्द: "तिची हरकत नाही." सहा बदल्यांमध्ये तिनं काय सोडलं याचा एक शब्द नाही, ती स्वतः काय करते हेही मला कळलं नाही. हरकत नसणं म्हणजे होकार नव्हे, हे लग्न झालेल्या कोणालाही सांगायला लागू नये. तीन वर्षं तुम्ही रात्री उशिरा घरी याल, पगार कदाचित कमी असेल, पुन्हा एक नवं गाव. तिला विचारा की या तीन वर्षांत तिला काय करायचंय, आणि ते ज्या गावात होईल तिथल्या जागा आधी बघा. आणि त्या रात्रीबद्दल तिला सांगितलंय का? सगळं, आकड्यांसकट? मला वाटतं नसेल सांगितलं. मला सांगण्याआधी तिला सांगायला हवं होतं. झोप लागत नाही असं तुम्ही ओझरतं लिहिलंय, त्याबद्दल मानसोपचारतज्ज्ञाला भेटा. सेवेत नोंद होईल या भीतीनं टाळू नका, बाहेर भेटता येतं.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधी अहवालासाठी अर्ज, याच आठवड्यात. मग घरी बोलणं. मग ते दोन आठवडे. प्रवेशाची मुदत त्याच्या आत संपत असेल तर फॉर्म भरून ठेवा, भरलेला फॉर्म मागे घेता येतो. अहवाल आला की एकट्यानं वाचू नका, एखाद्या अनुभवी सहकाऱ्याला शेजारी बसवा. असं कोणी नसेल तर मला पाठवा, त्याचं नाव-नंबर झाकून. आपण दोघं मिळून वाचू.